मागचा धुरा

माझ्या सासूबाईंनी एक साधा प्रश्न विचारला नसता, तर मी आयुष्यात कधी जीप घेतली नसती. प्रश्न असा होता, "जावई, तुमी आजून यष्टीनंच येऊन राह्यले का?"

बस, एवढंच. सासूबाई म्हणजे झुंबरबाई, मुक्काम पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण तेव्हा ओसरीवर शेजारपाजारची सात-आठ माणसं बसलेली होती आणि मी एका पायात चप्पल घालून त्यांच्यासमोर उभा होतो. (दुसरी चप्पल यष्टीतच राहिली होती. गर्दीतून उतरताना मी बाहेर आलो, ती आली नाही.) मी हसून "हो, यष्टीनंच" म्हणालो, पण मनातून पार हादरलो. जालन्याच्या सरकारी कचेरीत अकरा वर्षं टेबल सांभाळलेला हा थोरला जावई, आणि त्याची सासुरवाडीत ओळख काय, तर यष्टीनं येणारा. मी तिथेच ठरवलं की पुढच्या वेळी पिंपळगावात पाऊल ठेवीन ते स्वतःच्या गाडीतूनच.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. दोन महिन्यांनी मी एक मोडीत निघालेली जुनी मिलिटरी जीप घेतली. विकणारा म्हणाला, "साहेब, हिला रस्ता लागत न्हाई. नांगरटीत घाला, नाल्यात घाला, ही बिलकुल थांबणार न्हाई." मला ते कौतुक वाटलं. ती सूचना होती हे मला फार उशिरा कळलं.

जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. तो कशासाठी, असं आमच्या हिनं, म्हणजे दुर्गानं, पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हणालो, "सरकारी मालात एखादी वस्तू जास्तीची असतेच." आणि मी त्याला माझी कापडी पिशवी अडकवली. पिशवीला तो दांडा इतका सोयीचा होता की तो त्यासाठीच बसवला असावा, अशी माझी खात्री झाली.

आठवडाभरात गाडीच्या मागून आवाज यायला लागला. क्लच सोडला की 'कट', आणि वेग घेतला की 'घुंईं'. बिघाड आधी आपण शोधावा, मग मेकॅनिककडे जावं, असं माझं मत. मी मागची फळी काढून टाकली. आवाज येतच राहिला. मी स्टेपनी काढून ठेवली. आवाज आणखी स्पष्ट ऐकू यायला लागला. मग मी मागे बसलेल्या हिला विचारलं, "तुझ्या बांगड्या तर वाजत नाहीत ना?" त्यानंतर दोन दिवस घरात कुठलाच आवाज झाला नाही.

शेवटी गेलो वसंताकडे. वसंता मेकॅनिक मूळचा भोकरदनचा, पण त्याचं गॅरेज जालन्यात. हात सोन्याचा, पण तोंडात कायम तंबाखू. बिनमहत्त्वाचं बोलायचं असलं की तो थुंकून बोलतो आणि महत्त्वाचं असलं की तंबाखू तशीच ठेवून बोलतो, असा मला अनुभव आहे. त्यानं एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक जीपच्या मागच्या गोल पोटाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टरनं आपल्या छातीला नळी लावली की आपण श्वास धरतो, तसा मी श्वास धरून उभा राहिलो.

मग त्यानं जॅक लावून मागची दोन्ही चाकं उचलली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि एक चाक हातानं पुढे फिरवलं. पलीकडचं चाक आपोआप मागे फिरलं. मी दचकलो.

"वसंता, हे उलटं फिरून राह्यलं," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडातून गावची भाषा येते.

वसंता थुंकला. "उलटंच फिराया पायजे साहेब. एक इकडं, दुसरं तिकडं, म्हंजे आतमदी सगळं बराबर हाय. हे फिरवलं आन ते गप राह्यलं, की समजायचं एक्सल तुटला."

त्यानं आतली बेअरिंग बदलली, शाफ्टचा एक ढिला सांधा नवा घातला, तेल भरलं. 'घुंईं' गेलं. 'कट' मात्र थोडं राहिलं. वसंता म्हणाला, "एक्सल लई जुना हाय. पंधरा रोज थांबा, नवा मागवतो."

पण पंधरा दिवस माझ्याकडे नव्हते. रविवारी माझ्या मेहुणीचा, बेबीनंदाचा, साखरपुडा होता आणि सगळं सामान जालन्याहून मी नेणार होतो. तसं मी वसंताला सांगितलं, त्यालाही आमंत्रण दिलं. त्यानं विचार केला, तंबाखूची ताजी चिमूट ओठात सोडली, गाडीत वाकून त्या आखूड दांड्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "एअल उटला अर ओ आंडा आगं ओडा."

मला फक्त 'अंडा' एवढं कळलं. "हो हो," मी म्हणालो, "येताना गावरान अंडी आणतो की तुला." वसंतानं खांदे उडवले आणि तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. (न कळलेल्या गोष्टीला मान हलवण्याची अकरा वर्षांची सवय. साहेबापुढे तीच उपयोगी पडते.)

आता या साखरपुड्याचं महत्त्व सांगायला हवं. माझे सासरे पुंजाराम, ज्यांना मी मामा म्हणतो, यांचं शेत आणि राधाकिसनरावांचं शेत यांच्यामध्ये एक धुरा आहे. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. आमच्याकडे त्यावरून माणसं एकमेकांच्या मयतीला जायचं सोडतात. ओढ्याच्या बाजूचा हा धुरा घरात 'मागचा धुरा' म्हणूनच ओळखला जातो. दरवर्षी नांगरताना राधाकिसनराव तो चार बोटं कोरतात, असं मामांचं म्हणणं. मामाच कोरतात, असं राधाकिसनरावांचं म्हणणं. सोळा वर्षं भांडण. तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा धुरा वेगवेगळ्या जागी निघाला.

अशा दोन घरांत सोयरीक जुळली, हेच मोठं नवल. राधाकिसनरावांचा भाचा शिवाजी, अंतरवाली सराटीचा, शाळामास्तर. त्यानं बेबीनंदाला एका लग्नात पाहिलं आणि आपल्या मामाकडे, म्हणजे राधाकिसनरावांकडे, हट्ट धरला. आमच्या बेबीनंदालाही तो मनापासून आवडला होता, कारण तिचं डी.एड. अर्धं राहिलं होतं आणि ते पुरं करू देईन असं तोच आपणहून म्हणाला होता. याआधी तीन स्थळं त्याच मुद्द्यावर मोडली होती. आठ दिवसांआधी ती साड्या घ्यायला जालन्याला आली होती, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, बाकी काई न्हाई, तुमी टायमावर या. दोन म्हातारे शांत हायेत तवर हे उरकू द्या." पोरीचा जीव टांगणीला लागलेला मला स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, "काळजी करू नको. आपली गाडी आहे."

रविवारी सकाळी सहाला निघालो. अंगठी माझ्या खिशात, मुलाचा पोशाख, पेढे, साड्या मागच्या बाजूला, आणि मी नव्या सफारीत. राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले (हिनं ओरडून स्टिअरिंग धरायला लावलं). भोकरदन मागे पडलं. अकराचा मुहूर्त, साडेआठ वाजलेले. पिंपळगाव चार-पाच किलोमीटर राहिलं असेल, एका ओढ्याचा उतार उतरून मी चढाला गिअर बदलला, आणि मागून एकदाच, पण असा 'कट' आला की मी सीटवर उडालो. इंजिन चालू, गिअर पडलेला, मी ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि जीप जागची हलत नाही. उलट सावकाश मागे येऊन ओढ्याच्या कडेला थांबली.

"काय झालं वो?" ही म्हणाली.

"शांत राहा. निदान करतो," मी म्हणालो.

सफारीचा कोट काढून मी खाली शिरलो. मागच्या पोटाखाली जिथे जागा मिळाली तिथे जॅक लावला आणि दोन्ही चाकं वर घेतली. एक बारीक नळी मध्ये येत होती, ती जराशी दबली. तिच्यातून काही थेंब गळले. ते मी मनावर घेतलं नाही. एक चाक फिरवलं. पलीकडचं गप्प. पुन्हा फिरवलं. पलीकडचं गप्प.

"एक्सल तुटला," मी बाहेर येऊन जाहीर केलं. निदान बरोबर आल्याचा मला इतका आनंद झाला, की संकट आपल्यावरच आलंय हे दोन मिनिटं लक्षातच आलं नाही.

"मंग आता?"

तेवढ्यात भोकरदनकडून पिंपळगावची यष्टी येताना दिसली. ही म्हणाली, "चला, अंगठी आन पोशाख घेऊन बसमदी बसू. गाडी राहू द्या हितंच."

मी पुन्हा हादरलो. ज्या प्रश्नासाठी एवढी जीप घेतली, त्याच प्रश्नासमोर आज, साखरपुड्याच्या मांडवात, पाहुण्यांदेखत, यष्टीतून उतरू? "गाडी घेतल्याशिवाय मी गावात जाणार नाही," मी म्हणालो. "मामांना निरोप धाडतो. माणसं येतील, दोर लावून ओढतील. वेशीपर्यंत ओढायची, तिथून पुढे उतारच आहे. आपण आपल्याच गाडीतून आत जाऊ."

"मंग कंडक्टरला तोंडी सांगा."

"तोंडी निरोपात घोटाळा होतो," मी म्हणालो. "लेखी द्यावं."

आमच्या कचेरीत तेव्हा नवे साहेब आले होते आणि कागदावर एकही इंग्रजी शब्द चालणार नाही असा त्यांचा हुकूम होता. मी स्वतः वहीत एक यादी केली होती. क्लच म्हणजे पकड, ब्रेक म्हणजे रोधक, आणि एक्सलला मी बरेच दिवस विचार करून शब्द काढला होता, धुरा. साहेबांनी त्या शब्दावर माझी पाठ थोपटली होती. शिवाय चिठ्ठी घरात मोठ्यानं वाचली जाणार, सासूबाई ऐकणार, म्हणून जीप बंद पडल्याचा उल्लेख मी मुद्दामच टाळला. समजणाऱ्याला समजेल, असा मजकूर केला.

'तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार वि. वि. मागचा धुरा पूर्णपणे तुटला आहे. मी स्वतः खाली वाकून पाहणी केली असून त्याबद्दल शंका उरलेली नाही. राधाकिसनरावांकडील मंडळींना तूर्त कळू देऊ नये. दहा-बारा धडधाकट माणसे, पहारी व दोरखंड घेऊन ओढ्यावर ताबडतोब यावे. विलंब केल्यास कार्य पार पडणे अशक्य आहे. आपला आज्ञाधारक, बद्रीनाथ.'

वाचून बघितली. एकही खाडाखोड नाही, एकही इंग्रजी शब्द नाही. मी ती कंडक्टरकडे दिली आणि "अर्जंट" असं सांगितलं. तो म्हणाला, "बिलकुल फिकर करू नका, स्टँडवरून हातोहात पोचवतो." बस गेली. आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. माणसं आली नाहीत. ही पेढ्यांच्या खोक्यावरच्या माश्या वारत होती. फटके मात्र जरा जास्तच जोरात बसत होते. दहा वाजता तीच यष्टी परत येताना दिसली. मी हात केला. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

"चिठ्ठी पोचली का?"

"पोचली म्हंजे? मामांच्याच हातात पडली. आन साहेब, तुमी हितं काय करून राह्यले? तिकडं गावात राडा होऊन राह्यला ना. पुंजाराम पाटील बारा गडी आन पहारी घेऊन राधाकिसनच्या शेताकडं गेले. अंतरवालीच्या पाव्हण्यांनी सामान बांधलं, मागच्या बसनं वापस निघाले ते."

"कशावरून?"

"दुसरं काय असणार? धुऱ्यावरून. मागचा धुरा तोडला म्हणं कोणीतरी."

बस निघून गेली. मी जीपच्या मागच्या पोटाकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत होती.

"काय लिहिल्तं तुमी चिठ्ठीत?" ती हळू आवाजात म्हणाली.

मी सांगितलं. शब्दन् शब्द पाठ होता. 'पहारी' या शब्दापाशी तिनं डोळे मिटले आणि 'आज्ञाधारक'पर्यंत उघडलेच नाहीत. मग एवढंच म्हणाली, "एक्सल लिहिलं असतं तर काय झालं असतं वो? आमच्या बापाला एक्सल कळतो. दोन टॅक्टर हायेत त्यांचे." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बेबीचं वाटोळं केलं तुमी."

मला खरंच रडू येईल असं वाटायला लागलं. पोरगी नटून बसली असेल आणि बाहेर बाप पहार घेऊन तिच्या सासरच्यांकडे गेलेला असेल. आणि हे सगळं माझ्या अक्षरात. मी पळत निघायच्या बेतात होतो (चार-पाच किलोमीटर, या पोटानिशी), तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आला. वसंता. नवा शर्ट, डोक्याला तेल, साखरपुड्याला निघालेला.

त्यानं गाडी बघितली, खाली वाकला, चाक फिरवून बघितलं आणि बराच वेळ थुंकला. मग अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला, "साहेब, दांडा का न्हाई ओढला?"

"कुठला दांडा?"

"हा." त्यानं माझी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "म्या सांगितल्तं तुमाला. एक्सल तुटला तर हा दांडा मागं ओढा. मिलिटरीची गाडी हाय ही. मागचं गेलं तर पुढची चाकं ओढतेत. तुमी मला अंडे आणतो म्हणले."

दीड तास आम्ही त्या दांड्याशेजारी बसून होतो. बाराही गडी, पहारी, चिठ्ठी, सगळं त्या एका दांड्यानं वाचलं असतं. वसंतानं दांडा ओढला, क्लच सोडला, आणि जीप पुढच्या चाकांवर, आज्ञाधारकपणे, चढ चढून वर आली.

आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी स्टिअरिंगवर बसलो, ही शेजारी. वसंता फटफटीवरून मागे येणार होता. निघायच्या आधी तो पुन्हा एकदा मागच्या चाकाशी वाकला, त्या दबलेल्या नळीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, काळजीत पडला, आणि काळजीत पडल्यामुळे त्यानं तंबाखूची चिमूट ओठात सोडली. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "एक आअत आई. अळू आलवा."

"अळू? आणतो की," मी म्हणालो आणि गाडी सोडली.

गावात शिरलो तर मांडवात कोणी नाही. एक म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, सगळे मागच्या शेतात गेलेत, बायाही गेल्या बघायला. मी न थांबता तशीच जीप शेताच्या गाडीवाटेला घातली. वाट उताराची. खाली नांगरलेलं रान, त्यापलीकडे तो धुरा, गुडघाभर उंच, त्यावर गवत, अगदी धडधाकट. धुऱ्याच्या अलीकडे मामा आणि त्यांचे बारा गडी. पलीकडे राधाकिसनराव, त्यांची माणसं, आणि हातात पिशव्या घेतलेले अंतरवालीचे पाहुणे. दोन्हीकडून हातवारे चाललेले. बायकांच्या घोळक्यात हिरव्या साडीतली बेबीनंदा दिसली.

नंतर कळलं ते असं. मामा पहारी घेऊन आले, तर धुरा जागच्या जागी. पण जावयानं वाकून पाहणी केलीय, तो खोटं लिहिणार नाही. तेव्हा मामा म्हणाले, "एवढ्या जल्दी बुजवला कसा?" त्यावर राधाकिसनराव म्हणाले, "सोयरिकीच्या दिवशी चोर ठरवतोस मला?" तिथून पुढे सोळा वर्षांचं सगळं निघालं.

मला त्यांना थांबवायचं होतं. मी हॉर्न दाबला, तो वाजला नाही. मग ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. आणि त्या क्षणी वसंताचे ते शब्द माझ्या कानात आपोआप उलगडले. 'ब्रेक लागत न्हाई. हळू चालवा.' माझ्या जॅकखाली दबली ती ब्रेकच्या तेलाची नळी होती.

"थांबवा की," ही म्हणाली.

"थांबत नाही," मी म्हणालो. किल्ली फिरवायची हे मला सुचलंच नाही. मी घाबरून वायपर चालू केले.

विकणारा खरं बोलला होता. नांगरटीत घाला, ही थांबणार नाही. ढेकळं उडवत जीप सरळ निघाली. सगळ्यात आधी मामांचे गडी पळाले, मग राधाकिसनरावांची माणसं पळाली, मग पहारी पडल्याचे आवाज आले. पुढची चाकं धुऱ्यावर चढली, पलीकडे उतरली, आणि जीपचं ते मागचं पोट धुऱ्यावर येऊन दाणकन बसलं. माती ढासळली. हिनं हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. वायपर मात्र बिचारे चालूच होते.

चांगला बैलगाडी जाईल एवढा धुरा तुटला होता आणि त्या तुटलेल्या धुऱ्यात माझा तुटलेला धुरा बसला होता. मी खाली उतरलो. हात जोडून, अडखळत, सगळं सांगितलं. एक्सल, साहेबांचा हुकूम, यादी, चिठ्ठी. राधाकिसनरावांनी वाकून गाडीखाली बघितलं. अंतरवालीच्या पाहुण्यांनीही बघितलं. मामांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "मागचा धुरा पूर्णपणे तुटला आहे." मग त्या भगदाडाकडे बघितलं.

"लिहिलंय तर बराबर," मामा म्हणाले.

राधाकिसनराव गंभीरपणे म्हणाले, "पुंजाराम, सरकारी माणूस हाय तुझा जावई. आधी नोटीस देतो, मंग तोडतो."

आधी अंतरवालीचा एक पाहुणा हसला. मग शिवाजी मास्तर हसला. मग मामा असे हसले की त्यांना राधाकिसनरावांच्या खांद्याला धरावं लागलं, आणि सोळा वर्षांत त्या खांद्याला हात लागायची ती पहिलीच वेळ होती. बायकांत बेबीनंदा पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. दोन्ही असावं. मला स्वतःला तर नक्की दोन्ही होत होतं.

मुहूर्त टळला होता, पण दुपारचा दुसरा निघाला. तोपर्यंत धुरा बुजवायचा ठरलं. पहारी आणि दोरखंड मी आधीच मागवून ठेवले होते. दोराचं एक टोक मामांनी धरलं, दुसरं राधाकिसनरावांनी, दोघांनी डोळे बारीक करून रेघ सरळ केली, आणि तीन मोजण्यांना जे जमलं नाही ते तिथे पाच मिनिटांत जमलं. मग दोघं बाभळीखाली शेजारी शेजारी बसले. गड्यांनी जीप उचलून बाजूला केली आणि मामांनी त्यांना जेवायला पाठवून दिलं. धुरा ज्यानं तोडला त्यानं भरावा, यावर दोन्ही घरांचं एकमत झालं होतं.

मी सफारीच्या बाह्या दुमडून टोपली टाकत होतो आणि दोघं म्हातारे सूचना देत होते. "आजून एक टाका जावई." "डाव्या अंगाला कमी पडून राह्यली." वसंता तेवढ्यात जेवून आला, बघितलं, थुंकला आणि म्हणाला, "मला अळू नगं साहेब. अंडे बी नगं."

अंगठी घालताना माझ्या हाताला माती होती म्हणून डबी मला धरू दिली नाही. बेबीनंदा माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "दाजी, उपकार झाले. आता हे दोन म्हातारे जन्मात भांडायचे न्हाईत." मला भरून आलं. मी काहीतरी छानसं बोलणार होतो, पण शुद्ध मराठीत बोलायची त्या दिवशी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी जीप तिथेच ठेवून आम्ही स्टँडवर आलो. सगळं घर सोडायला आलं होतं. यष्टी लागली. सासूबाईंनी हिच्या हातात शिदोरी दिली, माझ्या सफारीवरची माती पदरानं झटकली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "जावई, लग्न पुढच्या म्हैन्यात हाय. यष्टीनंच या." मी मान हलवली. बस सुटली तेव्हा त्या खिडकीसोबत दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "आन येऊन राह्यलो म्हणून चिठ्ठी नका लिहू."